टीव्हीशेजारची चिठ्ठी

सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या बैठकीला मागच्या महिन्यात गेलो होतो. विषय एवढासाच. व्याख्यानमालेच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून झाल्यात, सगळं एका हार्ड डिस्कवर आलंय. आता वाचन कक्षात मोठा टीव्ही लावायचा आणि सभासदाला हवं ते व्याख्यान लावता यावं अशी सोय करायची. त्यासाठी बाजारातला तयार बॉक्स घ्यावा, की रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकावर एखादं मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं फुकट मीडिया सेंटर (डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर लावून देणारं सॉफ्टवेअर) टाकावं? दीड तास खल झाला. एका बाजूला बँकेतून निवृत्त झालेले एक काका. फुकटची वस्तू बिघडली की दाद कुणाकडे मागायची, असा त्यांचा सवाल. वर हेही, की असली सॉफ्टवेअरं इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी केलेली असतात. दुसऱ्या बाजूला नुकताच पुण्याहून परतलेला एक तरुण. ‘काका, जगभरातली माणसं पदरचा वेळ घालून हे करतात, एक रुपया मागत नाहीत. जमत नसेल तर थोडं शिकायला काय हरकत आहे?’ चहा आला, बिस्किटं संपली, ठराव पुढच्या बैठकीवर गेला. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ताई, ज्यांच्या ताब्यात तो रिमोट दिवसभर राहणार, त्या सगळा वेळ शेजारच्या खोलीत कार्डं लावत होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. मीही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाचनालयानं मुक्तस्रोतच घ्यावं. पण ज्या मीडिया सेंटरचा रिमोट घरातल्या एकाच माणसाला चालवता येतो, ते बाकीच्या घरासाठी मुक्त असत नाही. दाराला कंपनीनं कुलूप लावलं काय किंवा किल्ली कुठं ठेवलीय ते एकालाच माहीत असलं काय, ओट्यावर ताटकळणाऱ्याला फरक काय पडतो? ही अडचण पैशाच्या तुटीची आहे असं काकांना वाटतं, वापरणाऱ्याच्या आळसाची आहे असं त्या तरुणाला वाटतं. मला ती निर्णय टाळण्याच्या सवयीची वाटते.

या सॉफ्टवेअरची कुळकथा माहीत असली की सवय कुठून आली ते कळतं. आज कोडी या नावानं जे ओळखलं जातं त्याची सुरुवात २००२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर झाली. ज्या पोरांनी ते यंत्र उघडून, त्यात फेरफार करून त्याच्यावर सिनेमे चालवायला सुरुवात केली, त्यांनी ते स्वतःसाठी लिहिलं. २००४ साली एक्सबॉक्स मीडिया सेंटर म्हणून पहिली पक्की आवृत्ती आली, पुढं ते लिनक्स, मॅक, विंडोजवर गेलं आणि २०१४ साली नाव बदललं. सोफ्यावर बसून दहा फुटांवरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, माऊसविना चार बाणांवर आणि एका ओकेवर चालणारी मांडणी, हे सगळं घरगुती टीव्ही ‘स्मार्ट’ होण्याच्या कितीतरी आधी या हौशी मंडळींनी करून दाखवलं. हे विसरून त्यांना नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल. पण यंत्र उघडून बसणाऱ्या माणसाला प्रत्येक स्क्रू हाताशी लागतो. बावीस-तेवीस वर्षं झाली, यंत्र दिवाणखान्यात आलं, आणि स्क्रू अजून वरच आहेत.

आमच्या विश्रामबागेतल्या घरातही असंच एक मुक्त मीडिया सेंटर टीव्हीच्या मागं चिकटवलेलं आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळ्यांची तीच गत. टीव्हीशेजारी भिंतीवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. ‘घर दाबणे. खाली तीनदा. ओके. उजवीकडे एक. वाट बघणे. ओके.’ या चिठ्ठीवर ती दोन वर्षं सुखानं कीर्तनं ऐकत होती. मग मी एका रविवारी नवी आवृत्ती टाकली. यादीत वरच्या बाजूला एक नवा पर्याय येऊन बसला आणि ‘खाली तीनदा’ची जागा सरकली. सोमवारी दुपारी ऑफिसात फोन. ‘अरे, कीर्तन गेलं बघ. हवामान लागतंय नुसतं. आणि ते बी आपल्या सांगलीचं नाही.’ ती चिठ्ठी मी नंतर नीट वाचली. ‘वाट बघणे’ हे कुठल्याही सूचनापत्रात नाही. झोपलेली हार्ड डिस्क जागी व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, तेवढा वेळ पडदा ढिम्म असतो, काही चाललंय असं सांगत नाही, आणि घाईनं पुन्हा ओके दाबलं तर भलतंच उघडतं. हे आईनं स्वतः शोधून काढलं आणि स्वतःच त्यावर उपाय लिहून ठेवला. या सॉफ्टवेअरबद्दल मी वाचलेली सगळ्यात नेमकी तक्रार ती आहे. पण ती पाठवायची कुठं? दोष कळवायचा तर इंग्रजीत लिहायचं, आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, यंत्राच्या नोंदींची फाइल जोडायची. ‘मला इथं थांबावं लागतं, पण थांबायचं हे कुणी सांगत नाही’ अशी तक्रार घ्यायला तिथं रकानाच नाही.

आता सेटिंगांकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे. कोडीच्या सेटिंगांना चार पायऱ्या आहेत: बेसिक, स्टँडर्ड, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्सपर्ट. वरच्या पायऱ्यांवरचा पसारा नवख्यापासून झाकता यावा, असा हा बेत. एक नमुना घ्या. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो, टीव्ही सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पडदा रंगवतो. हा हिशोब जुळला नाही की कॅमेरा हळू सरकतो तेव्हा चित्र किंचित अडखळतं. सिनेमाप्रमाणे टीव्हीची गती बदलून घेण्याची सोय कोडीत आहे, चांगली आहे, आणि मुळात बंद असते. का? चालू ठेवली तर सिनेमा सुरू होताना काही टीव्ही दोन-तीन सेकंद काळे पडतात. म्हणजे एका गटाला अडखळणं खटकतं, दुसऱ्याला काळा पडदा. दोघांचंही बरोबर. मग काय केलं? एक खटका दिला आणि भांडण प्रत्येकाच्या दिवाणखान्यात पाठवून दिलं. मला तर एक्सपर्ट पायरीवरचं प्रत्येक सेटिंग म्हणजे कधीतरी न मिटलेल्या एखाद्या वादाचं इतिवृत्त वाटतं. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या वेळेवरून भांडण पेटलं की अध्यक्ष म्हणतात, ‘ज्यानं त्यानं आपापलं बघावं.’ सभा मिटते, पाण्याचा प्रश्न मिटत नाही.

याच जगात उलटं उदाहरणही आहे, आणि ते मुद्दाम सांगितलं पाहिजे. टीव्हीच्याच रिमोटनं एचडीएमआयच्या तारेतून दुसरं यंत्र चालवता येतं. सीईसी म्हणतात त्याला. टीव्हीवाल्या कंपन्यांनी या एकाच गोष्टीचं प्रत्येकी वेगळं बारसं केलंय, सॅमसंगचं अ‍ॅनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. ग्राहकाला वाटावं ही आमचीच करामत. पण रास्पबेरी पायवर लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवण्यासाठी बांधलेली हलकी लिनक्स प्रणाली) टाकून तार जोडली आणि टीव्हीत ही सोय चालू असली, की घरातला नेहमीचाच रिमोट चालू लागतो. काही विचारणं नाही, काही निवडणं नाही. दुसरा रिमोट घ्यावा लागला नाही हे आईच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कुणीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड वजन. ही माणसं स्वयंसेवक आहेत. कोडीमागं ना-नफा संस्था आहे. कंपन्यांकडं असतात तशा पगारी डिझाइनरांच्या पलटणी नाहीत. फुकट राबणाऱ्याला हुकूम कसा सोडणार? नाहीच सोडता येणार, हे मला कबूल आहे. पंगतीत वाढणाऱ्याला कुणी मिठावरून झापत नाही. पण या युक्तिवादात एक गृहीत लपलंय, की सोपं करणं म्हणजे जादा काम. बघायला गेलं तर उलटच दिसतं. एक नवं सेटिंग म्हणजे ते लिहायचं, तपासायचं, पन्नास भाषांत उतरवायचं, बाकीच्या शंभर सेटिंगांशी त्याचं जमतंय का ते जन्मभर बघायचं. ‘हे नको’ म्हणायला यातलं काही लागत नाही. लागते ती वाईटपणा घ्यायची तयारी, आणि स्वयंसेवकांच्या मेळ्यात नेमकी तीच महाग असते, कारण ज्याचं सेटिंग नाकारलं तो रुसून निघून गेला तर एक हात कमी होतो. ही त्यांची खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल मला सहानुभूती आहे. फक्त तिला ‘साधनांचा अभाव’ म्हणू नका. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सन यानं २००० सालीच मांडलं होतं की पाच माणसांना वापरायला बसवून नुसतं बघत राहिलात तरी बहुतेक अडचणी समोर येतात. पाच माणसं कुठल्या घरात मिळत नाहीत?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सोपं करण्याच्या नावाखाली तुम्ही माणसांना बाळबोध समजता, त्यांचं स्वातंत्र्य काढून घेता. २००२ साली लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपनं आपली दुसरी मोठी आवृत्ती काढताना ढीगभर पर्याय छाटले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यानं २००५ साली जाहीरपणे सुनावलं की हे लोक वापरणाऱ्याला मूर्ख समजतात, आणि दुसरा डेस्कटॉप वापरायचा सल्ला दिला. त्याच्या रागात तथ्य होतं. छाटलेल्या काही गोष्टी लोकांच्या रोजच्या कामाच्या होत्या. पण त्या भांडणात ‘पर्याय असणं’ आणि ‘पर्याय समोर मांडणं’ यांची गल्लत झाली, ती अजून चालूच आहे. ब्लेंडरचं बघा. त्रिमितीय चित्रांचं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्यात वर्षानुवर्षं वस्तू निवडायला माऊसचं उजवं बटण दाबावं लागे, सगळ्या जगाच्या उलट. जुन्या खेळियांचे हात त्याला इतके सरावलेले की बदल सुचवला तरी मारामारी. २०१९ च्या २.८ आवृत्तीत त्यांनी ठरवलं: मुळात डावं बटण, ज्याला उजवं हवं त्यानं एकदा बदलून घ्यावं. स्वातंत्र्य कुणाचं गेलं? जुन्या माणसाचा एक क्लिक गेला आणि नव्याचा आठवडा वाचला.

राहिलं ते ‘शिकून घ्यावं’. या युक्तिवादाला आमच्या जिल्ह्यात शंभर वर्षांपलीकडचा दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं १९१० साली कुंडल रोडजवळच्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत, किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण ही गोष्ट ‘अडाणीपणा विरुद्ध चिकाटी’ अशीच ऐकत आलो. जरा बांधावर बसून पाहा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार बलुत्यावर नीट करून द्यायचा. लोखंडी मोडला तर? ‘जमीन विषारी होते’ या उत्तराच्या आड मला तरी ‘मोडलं तर मी कुणाकडं जाऊ’ हाच प्रश्न ऐकू येतो, म्हणजे बँकेतल्या काकांचाच. त्या प्रश्नाला ‘शिकून घ्या’ हे उत्तर होत नाही. नांगर पसरला तो माणसं गावोगाव हिंडली म्हणून. रयत शिक्षण संस्थेच्या भाऊराव पाटलांनीही काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकले होते.

आणि शिकण्यालाही प्रतवारी असते. मिरजेत तंबोरे बनतात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा जुळवणं सोपं नाही, जन्म जातो. पण कारागीर पुरुषाच्या आवाजासाठी मोठा आणि बाईच्या आवाजासाठी लहान तंबोरा वेगळा करतो, तारा टेकतात त्या घोडीवर जवारी काढतो, म्हणजे सूर घुमावा म्हणून ती घासतो, तारेखाली दोरा सरकवून कान लावतो, पुन्हा घासतो. गाणाऱ्याच्या वाट्याला फक्त सुराची अवघड गोष्ट उरावी म्हणून बाकीची सगळी अवघड कामं तो स्वतःकडे ठेवून घेतो. सुरासाठी घाम गाळणाऱ्याला काहीतरी मिळतं. कीर्तन लावण्यासाठी ‘खाली तीनदा’ पाठ करणाऱ्या बाईला काय मिळतं?

काकांच्या तयार बॉक्सलाही आता थोडं तासलं पाहिजे. तो सोपा असतो हे अर्धसत्य आहे. तो कंपनीला जे दाखवायचंय ते दाखवायला सोपा असतो. स्मार्ट टीव्ही चालू केला की आपल्या फायली कुठल्या कोपऱ्यात आणि जाहिराती केवढ्या ऐसपैस, ते कुणीही पाहावं. अमेरिकेत विझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ साली २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं, कारण घरात कोण काय पाहतंय याची नोंद टीव्ही गुपचूप घेत होता. प्लेक्स हे मीडिया सेंटर कोडीच्याच जुन्या मुळातून २००८ साली फुटलं, पण बंदिस्त झालं. दिसायला देखणं, वापरायला खरंच सोपं. २०२५ साली त्यांनी आजीवन वर्गणी १२० डॉलरवरून २५० वर नेली आणि स्वतःच्याच घरातल्या फायली बाहेरगावाहून पाहायला पैसे लावले. एम्बी या अशाच आणखी एका मीडिया सेंटरनं २०१८ साली आपला कोड झाकला, तेव्हा मात्र तोवरचा कोड मुक्त होता म्हणून काही जणांना तो उचलून जेलीफिन हे मुक्त मीडिया सेंटर सुरू करता आलं. वाचनालयाचा ठेवा चाळीस-पन्नास वर्षं टिकवायचा असेल तर हा एवढाच मुद्दा माझ्यासाठी पुरेसा आहे. बंद दुकानात ती वाट नसते.

आपल्या बाजूनं मात्र अजून एक गोष्ट राहते, जिच्यावर त्या बैठकीत कुणीच बोललं नाही. ही सॉफ्टवेअरं असं धरून चालतात की तुमच्याजवळची प्रत्येक चित्रफीत हा जगाला माहीत असलेला सिनेमा किंवा मालिका आहे. फाइलचं नाव वाचायचं, इंटरनेटवरच्या कोशात शोधायचं, पोस्टर आणून लावायचं. हे काम करणाऱ्या भागाला स्क्रेपर म्हणतात. आईला विचाराल तर खोवणी. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या काकांच्या घरात पाणी शिरलं, फोटोंचे अल्बम चिखलात गेले, माळ्यावरच्या तेवढ्या कॅसेट वाचल्या. त्या डिजिटल करून मी डिस्कवर टाकल्या, तर काकांच्या लग्नाला त्या स्क्रेपरनं कुठल्याशा परदेशी भयपटाचं पोस्टर चिकटवलं. काकू हसल्या, काका नाही हसले. घरगुती चित्रफितींचा वेगळा कप्पा जेलीफिनमध्ये आहे, कोडीतही शोध बंद करता येतो, पण ते आधी ठाऊक पाहिजे. आता वाचनालयाची व्याख्यानं कुठल्या कप्प्यात बसणार? ती सिनेमा नाहीत, मालिका नाहीत, गाणी नाहीत. वक्त्याचं नाव, विषय, साल, एवढंच त्यांना लागतं, आणि तेही देवनागरीत, जोडाक्षरं न फुटता. भाषांतर करून हे सुटणार नाही. ‘सोर्स जोडा’चं ‘स्रोत जोडा’ केलं म्हणून ताईंना काय कळलं?

नव्वदच्या दशकात गल्लीत केबल आली तेव्हा ती काही फार सोपी नव्हती. तारा लोंबायच्या, चॅनेल आपोआप पळायची. पण केबलवाला दोन घरं सोडून राहायचा. तो यायचा, पाचवर दूरदर्शन, सातवर सिनेमा असं आजीच्या सोयीनं लावून द्यायचा आणि चहा घेऊन जायचा. मुक्तस्रोतात ही जागा रिकामी आहे, आणि त्या पुण्याहून आलेल्या पोरानं ती घ्यावी असं मला वाटतं. कोडीत मुख्य यादीतले नको ते पर्याय काढून टाकता येतात, सेटिंगांना कुलूप घालता येतं. सगळं काढून तीन नोंदी ठेवाव्यात: वक्ते, विषय, वर्ष. मग ताईंना बोलवावं, रिमोट हातात द्यावा, ‘अमक्यांचं व्याख्यान लावा’ एवढंच म्हणावं आणि दहा मिनिटं हाताची घडी घालून गप्प बसावं. ‘ताई, तिकडं नाही, खाली’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळायचे आणि कागदावर लिहायचे. पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे.

हे सुचलं ते घरी करून पाहिलं म्हणून. मागच्या रविवारी आईच्या टीव्हीवरचं सगळं काढलं, कीर्तन, गाणी, घरचे व्हिडिओ एवढं ठेवलं, अक्षरं मोठी केली, डिस्क झोपणार नाही अशी सोय केली. भिंतीवरची चिठ्ठी काढून खिशात घातली. आईनं पहिल्याच खेपेला कीर्तन लावलं, अर्धा तास ऐकलं. मी स्वतःवर खूश होऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर मागून हाक आली.

‘अरे, आता हे बंद कसं करायचं?’

पडद्यावर बंद करण्याची नोंद कुठंच नव्हती. काढून टाकलेल्यांत तीही गेली होती.